पैठणचे ज्ञानेश्वर उद्यान : गोदाकाठच्या एका सार्वजनिक बागेचा इतिहास

१/ मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही शाळेच्या सहलीविषयी विचारा, पैठणचे नाव हमखास निघेल. सहलीचा क्रमही बहुधा ठरलेला असे. सकाळी नाथांची समाधी, दुपारी जायकवाडी धरण आणि ऊन उतरले की धरणाच्या पायथ्याची बाग. नाथांवर ग्रंथ लिहिले गेले, धरणावर अहवाल आणि निवाडे झाले. त्या तिसऱ्या ठिकाणाचा, म्हणजे संत ज्ञानेश्वर उद्यानाचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/ पैठण हे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवरचे, गोदावरीच्या उत्तर काठावरचे तालुक्याचे गाव. २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावाला शंभराहून अधिक हेक्टर पसरलेले उद्यान लाभावे, ही साधी गोष्ट नव्हे. मोठमोठ्या शहरांच्या वाट्यालाही एवढी बाग येत नाही. ती पैठणला का मिळाली आणि मिळाल्यावर टिकवणे इतके अवघड का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी नदीकाठाकडे वळावे लागते.

३/ पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरची बाजारपेठ म्हणून तिचा उल्लेख आहे. येथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून बंदराकडे जात, अशी नोंद त्यात आढळते. म्हणजे पैठणचा नदीकाठ तीर्थ म्हणून प्रसिद्ध होण्याच्या फार पूर्वीपासून माणसांच्या वर्दळीचा होता.

४/ त्याच सातवाहन परंपरेतील हाल राजाच्या नावाने ओळखली जाणारी ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यातील गोदाकाठ म्हणजे झाडाझुडपांचा, कुंजांचा, प्रेमिकांच्या संकेतस्थळांचा काठ. त्यात धर्मकृत्यांपेक्षा माणसांच्या भेटीगाठीच अधिक दिसतात. नदीकाठी जाऊन चार घटका स्वतःसाठी काढाव्यात, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे मानणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य चाळावा. बाग हा शब्द फारसी आहे, पण काठावर विसावण्याची सवय या मातीतली आहे.

५/ पुढे काठाचे रूप पालटले. पैठण शास्त्री-पंडितांचे पीठ झाले आणि काठावर घाट उभे राहिले. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी याच गावी यावे लागले आणि नागघाटावर ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, अशी परंपरेची कथा आहे. या घराण्याचे मूळ गाव आपेगाव, तेही पैठणजवळ, गोदेच्याच काठी. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक वास्तव उरते. या काठावर कोणी उभे राहावे आणि कोणी काय उच्चारावे, हे ठरविणारे लोक गावात होते.

६/ एकनाथांच्या चरित्रातील दोन प्रसिद्ध प्रसंगही काठावरचेच आहेत. एकात गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य कुटुंबातील मूल नाथ कडेवर उचलून घेतात. दुसऱ्यात स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक जण पुनःपुन्हा थुंकतो आणि नाथ प्रत्येक वेळी शांतपणे नदीकडे परततात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नाथांनी देह ठेवला तोही याच गोदावरीत. चरित्रकारांना समतेची कसोटी दाखवायला नदीचा काठच सापडला, याला कारण आहे. सगळे गाव एकाच वेळी एकमेकांच्या दृष्टीस पडावे, अशी तीच एक जागा होती.

७/ म्हणून ‘सार्वजनिक उद्यान’ या शब्दातील पहिले पद आपण सहज उच्चारतो, तेवढे ते सहज मिळालेले नाही. घाट सर्वांच्या नजरेपुढे होता, पण तो सर्वांचा नव्हता. पाणवठ्यावर जातीप्रमाणे जागा ठरलेल्या असत. जेथे तिकीट काढले की कोणालाही जात न विचारता आत सोडले जाते, हिरवळीवर कोणाच्याही शेजारी कोणीही बसू शकतो, अशी नदीकाठची जागा या गावाच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात अगदी अलीकडची आहे. ती आली धरणाबरोबर.

८/ आता थोडे बागेच्या कुळाविषयी. दख्खनच्या कोरड्या पठारावर बाग ही प्रथम पाण्याच्या अभियांत्रिकीची गोष्ट असते, फुलांची नंतर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविले तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालच्या नहरींनी शहरात पाणी आणले. सतराव्या शतकातील बीबी का मकबऱ्याभोवतीची चारबाग आणि पाणचक्कीचा हौद हे याच जलविद्येचे पुढचे अध्याय आहेत. पैठणच्या बागेला शेजारीच असा वारसा होता.

९/ या साऱ्या रचनांमागचे तत्त्व एकच. पाणी उंचावर साठवायचे, बंद नळातून खाली आणायचे आणि उंचीतील फरकामुळे आलेल्या दाबावर कारंजे उडवायचे. म्हणून मुघल बागा डोंगराच्या उतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या असत. जहांगीराच्या काळात, १६१९ च्या सुमारास, आकारास आलेला काश्मीरचा शालिमार बाग हा त्याचा प्रसिद्ध नमुना. आता विचार करा, डोंगराच्या जागी माणसाने बांधलेला बांध ठेवला आणि झऱ्याच्या जागी जलाशय, तर काय होईल? धरणाच्या पायथ्याशी शालिमार उभारता येईल.

१०/ नेमके हेच म्हैसूर संस्थानात घडले. तेथील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. संस्थानाचे मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि त्यांची पहिली बरीच वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी त्यांची दारे १९०३ मध्ये प्रथम बसविली गेली, ती पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर. कावेरीवरच्या त्या धरणामागे महाराष्ट्रात मिळविलेला अनुभव होता.

११/ धरण झाले, पण बाग सुचली ती १९२६ मध्ये दिवाण झालेल्या सर मिर्झा इस्माईल यांना. काश्मीरच्या शालिमारचा आदर्श समोर ठेवून, लालबागेचे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल यांच्या साह्याने, त्यांनी धरणाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांची बाग उभारली. १९२७ मध्ये सुरू झालेले हे काम पाच वर्षांत पूर्ण झाले. तेच आजचे वृंदावन उद्यान. रात्री रंगीत दिव्यांनी उजळणारी त्याची कारंजी पुढे चित्रपटांतून घरोघरी पोचली आणि धरण म्हटले की खाली बाग हवीच, असे समीकरण देशभर रूढ झाले.

१२/ या समीकरणाला व्यावहारिक बाजूही होती. मोठे धरण बांधताना पायथ्याची विस्तीर्ण जमीन सरकारच्या ताब्यात येते. माती काढलेले खड्डे, यंत्रे ठेवण्याच्या जागा, मजुरांच्या वसाहती आणि रस्ते असा पसारा काम संपल्यावर मागे उरतो. तेथे पुन्हा घरे होऊ देणे धरणाच्या सुरक्षिततेसाठी योग्य नसते. बाग हा त्यावरचा सर्वांत सुंदर आणि स्वस्त उपाय. शिवाय धरणांना आधुनिक भारताची तीर्थे मानण्याचा तो काळ होता. तीर्थाला यात्रेकरू हवेत आणि यात्रेकरूंना विसाव्याची जागा.

१३/ आता जायकवाडीकडे. या धरणाचे नाव पुष्कळांना बुचकळ्यात टाकते, कारण धरण आहे पैठणला आणि जायकवाडी हे गाव आहे बीड जिल्ह्यात, गोदेच्या बऱ्याच खालच्या अंगाला. हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवर तेथे धरण बांधण्याची कल्पना पुढे आली होती. पुढे अधिक सोयीची जागा म्हणून पैठण निवडले गेले. जागा शंभरेक किलोमीटर वर सरकली, कागदोपत्री रुळलेले नाव मात्र तसेच राहिले.

१४/ १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला विकासात न्याय्य वाटा मिळेल असे आश्वासन दिले आणि १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा पाटबंधारे खाते सांभाळत होते शंकरराव चव्हाण, ज्यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणमध्येच झाला होता. धरणाची जागा तांत्रिक कारणांनी ठरली असली, तरी हे धरण होण्यासाठी सर्वांत अधिक आग्रह धरणाऱ्यांत याच गावचा सुपुत्र होता, हे विसरून चालणार नाही.

१५/ १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पाकिस्तानबरोबरचे युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता आणि देशात धान्याची टंचाई होती. बांधकाम चालू असतानाच १९७२ चा भीषण दुष्काळ आला, त्याने पाण्याची निकड आणखी ठळक केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. देशात तेव्हा आणीबाणी होती आणि राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर होते शंकरराव चव्हाण.

१६/ धरणाचा आवाका आकड्यांतच समजतो. मातीच्या या बांधाची लांबी सुमारे दहा किलोमीटर, उंची सुमारे ४१ मीटर आणि दरवाजे २७. एकूण साठवणक्षमता १०२ अब्ज घनफुटांहून अधिक. मागे पसरलेला जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा, पण उथळ. त्या उथळपणामुळेच हिवाळ्यात येथे पाणपक्ष्यांचे थवे उतरतात आणि १९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. उथळ पाण्याची दुसरी बाजू अशी की उन्हाळ्यात त्याची वाफही फार होते. हा मुद्दा पुढे लागेल.

१७/ या पाण्याखाली काय गेले, हे बागेच्या इतिहासात सांगितलेच पाहिजे. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील शंभरावर गावांना बुडिताची झळ लागली. गोदेच्या गाळाची काळी, कसदार जमीन गेली आणि तिच्याबरोबर वाडे, मळे, गावदेवांची ठाणी आणि स्मशानेही गेली. राज्याचा पुनर्वसनाचा पहिला स्वतंत्र कायदा १९७६ चा आहे, म्हणजे धरणाचे उद्घाटन झाले त्याच वर्षीचा. गावे तर आधीच हलली होती. धरणग्रस्त हा शब्द ज्यांच्या आयुष्याला चिकटला, त्यांच्या जमिनीवर आज पाणी आहे आणि त्या पाण्यावर खालची बाग.

१८/ नामकरणाचा भाग पाहण्यासारखा आहे. जलाशयाला नाव दिले नाथसागर, तर उद्यानाला संत ज्ञानेश्वरांचे. ज्या गावच्या धर्मपीठापुढे ज्ञानदेवांना शुद्धिपत्रासाठी उभे राहावे लागले, त्याच गावच्या वेशीवर सात शतकांनी त्यांच्या नावाची बाग झाली आणि तिच्यात प्रवेशासाठी कोणाच्याही शुद्धतेचा दाखला लागत नाही. नाव देणाऱ्यांच्या मनात हा अर्थ असो वा नसो, तो त्या जागेला अचूक लागू पडतो.

१९/ बाग आखली गेली ती म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर. विस्तीर्ण हिरवळी, फुलझाडांचे ताटवे, सावलीची झाडे आणि अंधार पडल्यावर संगीताच्या तालावर नाचणारी रंगीत कारंजी. टँकरच्या रांगा पाहत वाढलेल्या मुलांनी पाणी केवळ आनंदासाठी उडताना प्रथम पाहिले ते बहुधा येथेच. नवी जोडपी, नाथांच्या दर्शनाला आलेली कुटुंबे, शाळांच्या सहली यांनी बाग फुलून जाई. पैठणी विणणारे, खेळणी विकणारे, रसवंतीवाले, रिक्षावाले अशा कितीतरी घरांच्या कमाईत या गर्दीचा वाटा होता.

२०/ मग उतरती कळा का लागली? पहिले कारण मालकीचे. ही बाग पैठणच्या नगरपरिषदेची नव्हे. ती पाटबंधारे, म्हणजे आताच्या जलसंपदा खात्याची आहे. धरण बांधणाऱ्या खात्याची घडण बांधकामासाठी असते. काम मंजूर होते, निधी येतो, वास्तू उभी राहते आणि अभियंते पुढच्या कामावर जातात. बाग मात्र कधीच पूर्ण होत नाही. तिला रोज पाणी, रोज खुरपणी आणि पिढ्यान्‌पिढ्या माळी लागतात. कालव्यांच्या दुरुस्तीलाच जेथे पैसा अपुरा, तेथे गुलाबाच्या वाफ्यांची पाळी शेवटी येणार, हे उघड होते.

२१/ दुसरे कारण पाण्याचे. पैठणच्या वर गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत दारणा (१९१६), भंडारदरा (१९२६), गंगापूर, मुळा अशी धरणांची माळ आहे. पाऊस चांगला झाला तर ती भरून पाणी खाली येते. पाऊस कमी झाला तर वरची धरणे बऱ्यापैकी भरतात आणि नाथसागर रिकामा राहतो. त्यातून बाष्पीभवनाची तूट. संभाजीनगरसारख्या शहराचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून उचलले जाते. तळ दिसू लागला की कारंजे चालविणे हे कोणालाही पाप वाटणार.

२२/ वर आणि खाली यांच्यातील हा तंटा अखेर कायद्याच्या दारी गेला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मांडले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याची सूत्रे ठरवून दिली आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला. २०१८ आणि २०२३ मध्ये असे पाणी सोडावे लागले. पैठणच्या बागेतील एखादे झाड जगते की वाळते, याचा निर्णय असा शेकडो किलोमीटरच्या खोऱ्याच्या राजकारणात होत असतो.

२३/ तिसरे कारण याच्या नेमके उलटे, म्हणजे पूर. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि पैठण शहरात पाणी शिरले. धरणाच्या खालची जागा वर्षानुवर्षे कोरडी राहते, म्हणून लोकांना ती सुरक्षित वाटू लागते. पण नदी आपला जुना मार्ग विसरत नाही. नदीकाठची बाग आखणाऱ्याने दुष्काळ आणि पूर दोन्ही गृहीत धरायला हवेत. वस्तुतः पुराची जागा मोकळी ठेवणे हे काठावरच्या बागेचे एक मोठे काम आहे. घरे बुडण्यापेक्षा हिरवळ बुडालेली बरी.

२४/ बागेबरोबर जुना काठही बदलला. धरणाच्या वर समुद्रासारखे पाणी, तर खाली घाटांपुढे वर्षातले कित्येक महिने कोरडे पात्र. वाळूच्या बेसुमार उपशाने ते खड्ड्याखड्ड्यांचे झाले आहे. फाल्गुनातील नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात तेव्हा त्यांच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडण्याची मागणी करावी लागते. ज्या नदीने गावाला तीर्थ केले, ती आता मागणीपत्रावर येते. बाग आणि घाट ही पैठणच्या काठाची दोन रूपे एकाच दरवाजाच्या चावीवर अवलंबून आहेत.

२५/ गेली कित्येक वर्षे उद्यानाची दुरवस्था हा मराठवाड्यातील वृत्तपत्रांचा नेहमीचा विषय आहे. बंद पडलेली कारंजी, वाळलेली हिरवळ, मोडकी बाके आणि मधूनमधून जाहीर होणाऱ्या पुनरुज्जीवनाच्या योजना. या योजनांत नवे रंगीत दिवे असतात, नवी खेळणी असतात. कोणत्याही घोषणेत आधी विचारावा असा प्रश्न साधा आहे. दहा वर्षांनंतरच्या माळ्यांच्या पगाराची तरतूद कोठे आहे? आणि टंचाईच्या वर्षी कोणती झाडे जगवायची, कोणती हिरवळ सोडून द्यायची, हे ठरले आहे का?

२६/ काही जण विचारतील, पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना बागेची चिंता कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बागेच्या जन्मकथेत आहे. धरणाचा लाभ हिशेबात मांडता येतो तो सिंचनाच्या हेक्टरांत, विजेच्या युनिटांत, शहरांच्या नळांत. तो लाभ ज्यांच्या शेतीला कालवा पोचला आणि ज्यांच्या घरात नळ आला त्यांचा. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, ज्यांची जमीन बुडाली, जे केवळ नदीच्या आधाराने जगत होते, त्यांना त्या प्रचंड पाण्यातून सरळ हाती येईल असे फार थोडे होते. बाग त्या थोड्यातली एक.

२७/ त्या अर्थाने ज्ञानेश्वर उद्यान हा खैरातीचा किंवा हौसेचा भाग ठरत नाही. एका प्रदेशाने आपली नदी आणि जमीन राज्याच्या स्वाधीन केली, त्या व्यवहारातील ते सर्वांच्या नावे लिहिलेले एक कलम आहे. वृंदावनासारखी अहोरात्र नाचणारी कारंजी दुष्काळी मुलखाला परवडणार नाहीत, हे मान्य करावे. पण कमी पाण्यावर जगणारी वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच अशी आपल्याच मातीतली झाडे, सावली, स्वच्छ पाऊलवाटा आणि बसायला जागा, एवढे तरी त्या कलमातून देणे लागते.

२८/ गाथासप्तशतीतील कुंज, नागघाट, नाथांनी तुडविलेली तापती वाळू आणि धरणाखालची हिरवळ हे सगळे एकाच नदीच्या काही किलोमीटरच्या काठावर आहे. दोन हजार वर्षे तेथे एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जात आहे, की हा काठ कोणाचा? विसाव्या शतकात पैठणला त्याचे एक उत्तर मिळाले होते आणि ते उत्तर फाटकावरच्या तिकिटाइतके साधे होते. ते जपणे हे पुतळे आणि रोषणाई यांपेक्षा मोठे स्मारक ठरेल.

२९/ धागा येथे संपतो. १९७० ते १९९० या काळात आपण किंवा आपल्या घरातील कोणी या उद्यानात गेले असेल, तर घरातील जुन्या छायाचित्रांत एकदा डोकवावे. कारंज्यापुढे उभी असलेली ती सहल, मागे दिसणारी झाडे, पाटीवरचे अक्षर, हा सगळा या बागेचा दफ्तरात नसलेला इतिहास आहे. बुडित गावांतून उठून आलेल्या घरांकडे तर याहून जुन्या आठवणी असतील. छायाचित्रामागे वर्ष आणि गाव लिहून ठेवावे, आणि शक्य असल्यास येथे मांडावे.